अण्णांच्या बंदुकीचा ब्रेक आन् माझा डावा कान

आधीच सांगून टाकते, मी बंदूक चालवत नाय, मी बटन दाबते. लोकांना वाटतं ही नेमबाजीच्या ग्राऊंडवर कामाला हाय म्हंजी घरी भेंडी चिरताना पन एक डोळा मिटत असंल. तसलं कायच नाय. मला फुगा फुटला तरी धडधडतं. दिवाळीत गल्लीत लवंगीची माळ लागली का मी पिऊला, म्हंजी माझ्या पोरीला, उचलून मोरीत जाऊन बसते आन् वरून नळ सोडते, म्हंजी आवाज झाकतो. आन् तीच मी सहा वर्षं झाली बारा बोरच्या बंदुकीपासून चार पावलांवर उभी राहते. मधी पिऊच्या वेळंला सुट्टी घेतली तेवढीच.

आमच्याकडं नेम मारायला एक सर येतात, त्यांचा छापखाना हाय, ते दिवाळीचा अंक काढतात. ते म्हणले, पूनम, तुझ्या कामाचं लिहून दे. मी म्हणलं, सर, मी नववी नापास. ते म्हणले, बोलती तसं लिही, मधी थांबू नको. ते नसते म्हणले तरी मी थांबले नसते, मला थांबता येतच नाय, घरात सगळे म्हणतात ही आधी बोलती आन् मंग श्वास घेती.

तर काम असं हाय. गंगापूर रोड संपला, सोसायट्या संपल्या, द्राक्षाचे मळे लागले की उजव्या हाताला आमचं ग्राऊंड. जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात मशीन, मशीनमधी बशा रचायच्या. मातीच्या बशा म्हणतात पन डांबरासारख्या कशाच्या तरी असतात, हातातून पडली का खारी बिस्किटासारखा चुरा. बटन दाबलं का मशीन ती बशी पाखरासारखी लांब फेकतं आन् बंदूकवाला तिला उडता उडता फोडतो. बारा बोरच्या काडतुसात एक गोळी नसती, मोहरीसारखे बारके छर्रे असतात, ते पसरत जातात म्हणून उडती बशी फुटती. फुटली का सगळे वा वा करतात. नाय फुटली का माझ्याकडं बघतात, बटन उशिरा दाबलं म्हणतात. सहा वर्षांत ह्या ग्राऊंडवर एक पन मानूस स्वतः चुकलेला नाय.

बशी कधी सोडायची ते बंदूकवाला ओरडून सांगतो. नियमानं 'पुल' म्हणायचं, इंग्रजीतलं 'ओढ'. पन आपल्याकडं नियमानं कोन बोलतं. एक डॉक्टर नुसतं 'हां' करतात. एक बिल्डर 'चल' म्हणतात, तेच ते त्यांच्या ड्रायवरला पन म्हणतात, एकदा इकडं बशी गेली आन् तिकडं गाडी चालू होऊन गेटाबाहेर गेली. विंचूरकडचे एक कांद्याचे व्यापारी शेतातली पाखरं हाकलल्यासारखं 'हुर्र' करतात. आन् एक काका खाकरतात फक्त. त्यांना थंडीत खरंच खोकला झाला तेव्हा मी अर्धी पेटी बशा फुकट उडवल्या, ते पन म्हणनात थांब, त्यांना बोलताच येत नव्हतं.

आता कानाचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. आवाज अडवायला कानावर डबे घालायचे असतात, हेडफोनसारखे. आमचे कोच निकम सर, फौजेतून रिटायर झालेले, ते डब्यांशिवाय कुनाला आत येऊ देत नायत. पन मी दोन्ही कान गच्च बंद केले तर मला 'पुल' कसं ऐकू येनार, आन् ते खाकरनं तर अजिबातच नाय. म्हणून मी काय करायची, बंदूकवाला माझ्या डाव्या अंगाला पुढं उभा असतो, तर डावा डबा बोटभर उचलून मधी ओढणीचं टोक कोंबून ठेवायची. निकम सरांना दिसायचं नाय. साध्या बंदुकांचा बार पुढं निघून जातो, मागं बाजूला उभं राहनाऱ्याचं तेवढ्यावर भागायचं. निदान मला तसं वाटायचं. ही युक्ती मला कुनी शिकवली नव्हती, माझी मीच काढली होती, आन् मला तिचा लय अभिमान होता.

मंग अण्णांनी नवी बंदूक आनली.

अण्णा म्हंजी निफाडकडचे मोठे बागायतदार, साठीच्या पुढचे, मोठ्या मिशा, पांढरे बूट. मानूस चांगला. मला 'पोरी' म्हणायचे, द्राक्षं निघाली का पहिली पेटी ग्राऊंडला धाडायचे. पन त्यांचा खांदा दुखायचा. बार उडाला का बंदूक मागं धक्का मारती, तिचा लाकडी दस्ता खांद्यात बसतो. दिवसाला दोन-तीन डबे काडतुसं उडवली का खांदा जांभळा. नव्या बंदुकीच्या पेटीत नळीच्या तोंडाला आट्यांवर फिरवून बसवायच्या दोन पोकळ तुकड्या होत्या, दोन्ही काळ्या, दोन्ही एकसारख्या लांब. एक साधी. दुसरीला बाजूंनी भोकं, बासरीसारखी.

अण्णांनी भोकांची बसवली आन् मला शिकवायला लागले. म्हणले, "पोरी, ह्याला ब्रेक म्हणतात. बार उडाला का नळीतून गॅस पुढं जातो, म्हणून बंदूक मागं येती. ह्या भोकांतून गॅस बाजूला जातो. बाजूला गेला म्हंजी मागं धक्का नाय. विज्ञान हाय हे."

मी म्हणलं, "अण्णा, बाजूला म्हंजी कुठं?"

"बाजूला म्हंजी बाजूला."

आन् बाजूला मी उभी होते.

पहिला बार झाला आन् माझ्या कानाशी कुनीतरी पितळी ताट आपटलं असं वाटलं. गालावर वाफ आल्यासारखी झाली, मी बटन सोडून खाली बसले. अण्णा मागं वळून हसून म्हणले, "बघ, खांद्याला काय लागलंच नाय." मंग कानात कुकरची शिट्टी चालू झाली, ती काय बंदच होईना. डॉक्टर दोन जागा सोडून पलीकडं सरकले. बिल्डर तर पार झाडाखाली जाऊन उभे राहिले. मी कुठं सरकू, माझ्या बटनाची वायर तीन हाताची.

असं आठवड्यातनं दोनदा, दोन महिने. सासूबाईंनी कानात लसूण जाळलेलं तेल घातलं, तर दुसऱ्या दिवशी अण्णा ग्राऊंडवर हवा हुंगत फिरले, म्हणले, कुनाच्या डब्यात चटणी हाय, मला पन वाढा.

मंग ती गोष्ट झाली. मी संध्याकाळी भाकरी थापत होते, पिऊ झोळीत झोपलेली. सासूबाई दळण घेऊन दारात आल्या आन् तिथूनच ओरडल्या, "पूनम, पोरगी रडून काळीनिळी झाली, तू काय समाधी लावली काय?"

मी वळून बघितलं. पिऊचं तोंड उघडं, लालबुंद, झोळी हलती हाय. झोळी माझ्या डाव्या अंगाला पाच पावलांवर. मला ऐकू आलं नव्हतं.

सासूबाई म्हणल्या, "मोबाईल बघत असंल." माझे हात पिठात होते, मोबाईल चार्जिंगला होता, पन मी हो म्हणलं, हो आई मोबाईल बघत होते, कारण मोबाईल बघनारी आई खपून जाती, बहिरी आई कशी चालंल, रांगती पोर घरात, दारात पाण्याचा हौद, मागं रस्ता, ती पडली, ती रडली, तिला कायतरी चावलं, मला कोन सांगनार. तेव्हापासून मी झोपताना ओढणीचं एक टोक पिऊच्या पायात सैल अडकवायची आन् एक माझ्या मनगटाला. ती लाथ मारायची, मी उठून बसायची. दोघींची झोप गेली.

मंग मी सरकारी दवाखान्यात गेले. कानाच्या डॉक्टरांनी मला एका बारक्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन, आन् हातात काय दिलं तर बटन. म्हणले, "बीप ऐकू आला की बटन दाबा." मी दाबलं. परत दाबलं. दोनदा पटापट दाबलं. काचेपलीकडून डॉक्टरांनी हात हलवला, आत आले, म्हणाले, "ताई, मी अजून मशीन चालूच केलं नाही."

मी म्हणलं, "उशीर झाला तर लोकं चिडतात ना सर."

त्यांना काय कळलं नाय. मंग मी दुसरा हात मांडीखाली दाबून बसले आन् धीरानं घेतलं. कागदावर उजव्या कानाची रेघ सरळ आली, डाव्याची शेवटी घाटावरून उतरावं तशी खाली गेली. डॉक्टर म्हणाले, "बारीक, उंच आवाज कमी ऐकू येतात तुम्हाला. आराम दिला तर थोडं सुधारेल. असाच मार बसत राहिला तर जे जाईल ते परत येणार नाही. याला ऑपरेशन नाही, गोळी नाही."

मी विचारलं, "लेकराचं रडनं कसल्या आवाजात येतं?"

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "उंच."

दुसऱ्या दिवशी मी निकम सरांना गाठलं. आधी तर डबा उचलून ठेवायची म्हणून त्यांनी मला झाप झाप झापलं. मंग शांत झाले आन् मला नीट समजावलं, ते इथं लिहिते, कारण लोकं विचारतात, हा ब्रेक चांगला का वाईट. सर म्हणाले, "पूनमताई, रायफलीवर ह्याचा खरा उपयोग होतो. तिथं गॅस नळीच्या तोंडाला येतो तेव्हा पण जोरात असतो, त्याला बाजूला वळवलं की धक्का चांगलाच कमी होतो. बारा बोरचं तसं नाही. छर्रे बाहेर पडेपर्यंत गॅसचा जोर बराच उतरलेला असतो. बाजूला वळवायला उरतं काय? थोडा धक्का कमी होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण आवाज मात्र सगळा शेजाऱ्याच्या वाट्याला."

"मंग अण्णांना सांगा ना सर."

"सांगितलं. ते म्हणाले, निकम, तुम्ही जुन्या जमान्याचे."

आन् सर हळूच म्हणाले की कमिटीत एक विषय निघाला होता, माईकचं मशीन घ्यायचं. बंदूकवाला ओरडला का बशी आपोआप सुटती, बटनवाली लागतच नाय. ते ऐकलं आन् मी माझी तक्रार गिळली. पिऊचे पप्पा कंपनीत कंत्राटावर, आज हायेत उद्या नायत. मी ओढणी काढून कानात कापूस कोंबला, त्यानं 'पुल' ऐकू येईना आन् बार तर येतच होता. बशा उशिरा जायला लागल्या. सगळे चिडायला लागले. खाकरनाऱ्या काकांनी तर चक्क तोंड उघडून शब्द उच्चारला, तेव्हा मला कळलं पानी डोक्यावरून गेलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, आपल्याकडं सगळ्यांचंच असतं. घरी सासूबाई विळा, कुऱ्हाड, पाटा आन् मिक्सर मांडतात, मिक्सरला हळदी-कुंकू जास्त कारण तो महाग. ग्राऊंडवर बंदुका मांडायच्या. रिकाम्या, मधोमध वाकवून उघड्या ठेवलेल्या, पांढऱ्या चादरीवर ओळीनं. पूजेचं काम माझ्याकडं. निकम सरांचा एकच नियम, फूल, कुंकू काय असंल ते लाकडी दस्त्याला, नळीत काय जाता कामा नये, अक्षतेचा दाना पन नाय.

मी दर वर्षी तसंच करते. पन त्या वर्षी अण्णांची बंदूक समोर आली. ती भोकं माझ्याकडं बघत होती. माझी आई म्हणायची, ज्या देवाची भीती वाटती त्याला नैवेद्य आधी. आमच्या गावाला वेशीबाहेर एक म्हसोबा हाय, कुनी त्याला आवडीनं जात नाय पन नारळ सगळ्यांत जास्त त्यालाच फुटतात. मी ब्रेकला हात जोडले. म्हणलं, बाबा, तुझं माझं काय वैर नाय, माझ्या कानाला सोड, मला पोरीचं ऐकू येऊ दे. आन् ओल्या कुंकवाचं बोट एकेका भोकाला लावलं. मंग वाटलं नुसतं कुंकू कोरडं दिसतंय, तर प्रत्येक भोकात झेंडूची एक एक पाकळी खोचली, वर दोन दोन अक्षता. इतकं सुंदर दिसत होतं, मी फोटो पन काढला.

आरती झाली, पेढे झाले. अण्णांनी त्या दिवशी गावाकडून त्यांचे सगळे पाव्हणे बोलावले होते, नवी बंदूक दाखवायला. बार काढायच्या आधी निकम सर प्रत्येक नळीतून आरपार बघतात, गोल उजेड दिसलाच पायजे. अण्णांच्या नळीला डोळा लावला आन् सर तसेच राहिले. मंग मला बोलावलं. म्हणाले, "बघा."

मी बघितलं. उजेड होता पन लाल, मधी केशरी.

सर म्हणाले, "नळीच्या तोंडाशी काही अडकलेलं असताना बार काढला तर काय होतं माहीत आहे? नळी फुगते. फाटते. धरणाऱ्याचा हात जातो, बाजूला उभा असेल त्याचं तोंड जातं." बाजूला कोन उभं असतं ते मला माहीत होतं. सरांनी तो ब्रेक फिरवून काढला, नळी पुसली, परत उजेड बघितला, पेटीतली साधी तुकडी बसवली. ब्रेक माझ्या हातात दिला. "गरम पाण्यात भिजत घाला. आणि अण्णांना जाऊन सांगा, आज साधी बसवली आहे म्हणून. चूक तुमची, तुम्हीच सांगायचं."

मी स्टीलच्या ग्लासात गरम पानी घेतलं, ब्रेक त्यात टाकला आन् ग्लास घेऊन अण्णांकडं निघाले. खरंच निघाले होते. पन अण्णा पाव्हण्यांच्या मधोमध उभे होते आन् त्यांचं सुरू झालं होतं, "हा ब्रेक हाय ब्रेक, गॅस जातो बाजूला." मी म्हणलं, अण्णा. ते म्हणले, थांब पोरी. मी परत म्हणलं, अण्णा. ते म्हणले, हां हां, बटनापाशी जा. मी गेले. माझं असंच हाय, जिथं बोलायचं तिथंच बोलता येत नाय.

अण्णा जागेवर गेले. मी ग्लास पायापाशी ठेवला, मान खांद्यात घातली, डोळे मिटले. "पुल." मी दाबलं. बार झाला.

आन् काय नाय. म्हंजी बार झाला, बशी फुटली, पन तो आवाज पुढं निघून गेला, पोळ्याला बैल गेल्यासारखा. गालावर वाफ नाय. ताट नाय. शिट्टी नाय. अण्णांनी काडतुसांचा अख्खा डबा उडवला, बऱ्याच बशा फोडल्या. मागं वळले तर तोंडावर नुसतं तेज.

"बघितलं का दाजी?" त्यांच्या बहिणीच्या मालकांना म्हणले. "खांदा जागचा हलला का? लोण्यासारखी चालती. हे सगळं ब्रेकचं. ब्रेकशिवाय बारा बोर हातात धरायची म्हंजी गाढवाची लाथ."

दाजी म्हणले, "दाखवा तरी तो ब्रेक."

अण्णांनी बंदूक उघडली, रिकामी केली, नळीच्या तोंडाला कौतुकानं बोट फिरवलं. परत फिरवलं. बंदूक उलटी करून बघितली. चष्मा काढून बघितलं. म्हणले, "भोकं कुठं गेली?"

निकम सर माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणलं, "माझ्या ग्लासात हायेत, अण्णा."

दाजींनी ग्लासात डोकावून बघितलं. लाल पानी, वर झेंडू. म्हणले, "अण्णा, ब्रेक ग्लासात बुडाला आन् तुमची गाडी तरी बरोबर थांबली."

पाव्हणे इतके हसले का मागच्या मळ्यातली पाखरं उठली. अण्णांचं तोंड उतरलं. मला म्हणले, "पोरी, हे काय केलं?" आन् मंग माझं सुटलं ते सुटलंच, कुंकवापासून उलटं सांगत गेले, म्हसोबा, ओढणी, कापूस, लसणाचं तेल, डॉक्टरचं बटन, घाटासारखी रेघ, झोळी, पिऊ रडत होती आन् मी भाकरी थापत होते अण्णा, मला ऐकू आलं नाय, मी सासूला मोबाईल सांगितला. माझा श्वास संपला तेव्हा मी थांबले.

अण्णा म्हणले, "मला आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही विज्ञान म्हणले."

दाजींना परत हसू आलं पन त्यांनी मिशीत दाबलं. अण्णा मानी मानूस. म्हणले, "एका दिवसानं काय ठरत नाय. निकम, परीक्षा घ्या. मला न दाखवता कधी हा बसवा, कधी तो. मी नुसत्या खांद्यानं सांगतो."

तर तशी परीक्षा झाली. सरांनी आधी ब्रेक ब्रशनं घासून, पुसून, वाळवून घेतला. अण्णांनी समोर मळ्याकडं बघत उभं राहायचं. सर मागं टेबलावर तुकडी बदलनार, आरपार बघनार, बंदूक हातात देनार. मागून धरनाऱ्याला ती भोकं दिसत नायत, बाजूनंच दिसतात. पाव्हण्यांना सरांनी लांब, पन बाजूलाच उभं केलं, सगळ्यांना डबे घातले, पाठ फिरवायला लावली, ब्रेक वाटला तर हात वर करायचा. मला पन दोन्ही डबे गच्च, बशी सोडायची खूण सर हातानं करनार. सहा बार.

अण्णा प्रत्येक बारानंतर विचार करून सांगायचे, "हा ब्रेक", "हा साधा". सहातले तीन बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. आन् बाजूचे पाव्हणे, पाठ फिरवलेले, कान झाकलेले, त्यांतल्या निम्म्यांनी जन्मात बंदूक धरली नव्हती, त्यांचे सगळ्यांचे सहाच्या सहा. एक म्हातारी आत्या होती, तिला तसंही कमी ऐकू यायचं, तिचे पन सहा. म्हणली, "कानाला नाय कळत रे बाबा, छातीला कळतं."

अण्णा खुर्चीत बसले. मंग मला म्हणले, "झोळी किती लांब होती म्हणली?"

"पाच पावलं."

ते उठले आन् त्या पांढऱ्या बुटांनी मोजत पाच पावलं चालले. उभं राहून मागं बघितलं. परत आले, ब्रेक निकम सरांच्या हातात ठेवला, म्हणले, "लिहून लावा गेटावर. माझ्या नावानं लावा."

तर आता आमच्या ग्राऊंडवर नियम हाय, बाजूला मानूस उभा असताना भोकांची नळी चालनार नाय. तो ब्रेक ऑफिसात देवीच्या फोटोपुढं असतो, निकम सर त्याच्या भोकांत उदबत्त्या लावतात, एका वेळंला आठ बसतात. अण्णांच्या खांद्याचं म्हणाल तर सरांनी नीट बघितलं तेव्हा कळलं, धक्क्याच्या भीतीनं अण्णा दस्ता खांद्यापासून जरासा लांब धरायचे. लांब धरला का बंदूक धावत येऊन मारती. घट्ट धरला का नुसती ढकलती. सरांनी दस्त्याला जाड रबर लावलं, अण्णांना घट्ट धरायला शिकवलं, आन् खांदा बरा झाला. कुनाला बारा बोरचा धक्का सोसत नसंल तर आधी हे करून बघा, भोकांचं नंतर बघा, आन् शेजारी कोन उभं हाय ते सगळ्यांत आधी.

अण्णांनी मला नवे डबे आनून दिले, बॅटरीवाले. त्यात बोललेलं ऐकू येतं, उलट जास्तच येतं, आन् बार झाला का ते आपोआप आवाज अडवतात. माईकच्या मशीनचा विषय मंग कुनी काढला नाय. डब्यांचा एकच त्रास, मला चाळीस पावलांवरची कुजबुज ऐकू येती. बिल्डर बशी चुकली का स्वतःला काय म्हणतात ते इथं छापता येनार नाय. आन् अण्णा 'पुल' म्हणायच्या आधी दर वेळी हळूच बंदुकीला म्हणतात, "सांभाळ गं बाई." हे मी आजवर कुनाला सांगितलं नव्हतं. अण्णा, हे वाचलं तर माफ करा, पन मला त्याचा लय आधार वाटतो.

परवा परत कानाची परीक्षा झाली. थोडं सुधारलंय, डॉक्टर म्हणाले, राहिलेलं राहील तसंच. पिऊचं रडनं मला ऐकू येतं, दुसऱ्या खोलीतनं पन. पन ती आता चालती, पळती, आन् तिच्या मामानं बारशाला चांदीचे वाळे घातले होते, त्यांचे घुंगरू अगदी बारीक, तांदळाएवढे. ते मला डाव्या बाजूनं येत नायत. मी घरात कुनाला बोलले नव्हते. पिऊ डावीकडून गेली का मी नुसती मान वळवून बघायची, दिवसभर, कोंबडीसारखी.

मागच्या आठवड्यात मी कामावरून आले तर अंगणात खळखळ खळखळ, मला वाटलं कुनाचं वासरू सुटलं. बघते तर पिऊ. वाळे कपाटात, आन् पायात पितळी घुंगरांची माळ, बोराएवढा एकेक घुंगरू, गाईगुरांच्या दुकानातनं आनलेली, सासूबाईंनी आतून फडकं शिवून दिलेलं, पायाला लागू नये म्हणून. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी निवडायची मेथी खाली घेतली आन् माझ्याकडं बघितलंच नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण भिंतीवरून म्हणली, "अवो मावशी, काय हे, आमचा डोळ्याला डोळा लागत नाय."

सासूबाई म्हणल्या, "मंग कानात कापूस घाल. आमच्याकडं ज्याला ऐकायचं त्याला ऐकू येतंय."